युद्ध १९४३ मध्येच संपलं, तर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओवर काय लागेल?

एका होतकरू कादंबरीकाराने विचारलंय: "दुसरं महायुद्ध १९४३ च्या उन्हाळ्यात तह होऊन संपतं, अशी कल्पना धरून लिहितोय. नकाशा, फौजा, दिल्लीतलं राजकारण सगळं बसवलं. पण त्या जगात १९५५ साली माणसं कुठली गाणी ऐकतात, काय बघतात, हे लिहायला बसलो की सगळं खोटं वाटतं. सिनेमांची नावं बदलून पाहिली, जमलं नाही. असा बदल लोकांच्या करमणुकीत नेमका झिरपतो कसा?"

नावं बदलून काही साधत नाही हे तुमचं तुम्हालाच कळलंय, म्हणजे अवघड भाग पार पडला. बरेच जण तिथेच अडकतात. झेंडा बदलतात, नोटेवरचा चेहरा बदलतात, थिएटरवर वेगळं पोस्टर लावतात आणि आत पडद्यावर चाललेला सिनेमा मात्र आपल्याच जगातला असतो.

पर्यायी इतिहास म्हटलं की "आत्याबाईला मिशा असत्या तर" असं म्हणून वाटेला लावणारे भेटतातच. त्यांचं अगदीच चूक नाही. मिशा फुटल्या एवढं सांगून थांबलात तर ती नुसती कोटी. आत्याबाईंमुळे न्हाव्याला दर रविवारी घरी यावं लागतं, मग तो आतल्या बातम्या बाहेर नेतो, मग कुणाचं तरी लग्न मोडतं, इथवर गेलात की गोष्ट सुरू होते.

मी पंचवीसेक वर्षं या जर-तरच्या कथा लिहितोय, दुसऱ्यांच्या तपासतोय. मोठा धडा मिळाला तो स्वतःच्या फजितीतून. मराठ्यांनी १७६१ ला पानिपत जिंकलं आणि पुढच्या दहा वर्षांत इंग्रजांना बंगालमधून हुसकावलं, अशी एक कथा मी लिहिली होती. तिच्यात १८९५ सालचं पुणं होतं, संगीत नाटकाचा खेळ होता आणि नट पदाला उभा राहिला की विंगेतून पेटीवाला सूर धरत होता. कथा छापून आली आणि महिन्याभरात एका वयोवृद्ध पेटीवादकाचं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: "पेटी कुठून आणलीत?"

प्रश्न वर्मी लागला. हार्मोनियमचं पेटंट घेतलं गेलं पॅरिसमध्ये, १८४२ साली. ते वाद्य पायाने भाता मारायचं. मांडीशी घेऊन एका हाताने भाता आणि दुसऱ्याने पट्ट्या, हा आपल्या ओळखीचा प्रकार कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास घडवला. हे तिथे झालं, कारण इंग्रजांचे पियानो आणि ऑर्गन आयात करणारा, दुरुस्त करणारा धंदा त्या शहरात होता. मी इंग्रजांना घालवलं होतं आणि त्यांच्या दुकानातली पेटी तेवढी विंगेत ठेवून घेतली होती. पेटी काढायची तर तिथे सारंगी येते. पट्टी बदलली की सारंगीच्या तारा पुन्हा जुळवाव्या लागतात आणि ते वाद्य शिकण्यात उमेदीची वर्षं जातात. म्हणजे नाटक बघून आलेला कारकून दुसऱ्या दिवशी घरी बसून पद वाजवून बघू शकत नाही. नाट्यसंगीत घरात शिरतं ते पेटीच्या वाटेने. तेव्हा माझ्या जगात नाटकं होतील, गाजतील, पण त्यांची पदं रस्त्यावर गुणगुणली जातील का, याबद्दल मला शंकाच आहे.

तेव्हापासून कुठल्याही काल्पनिक जगात शिरताना राजा कोण हे मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो की काय अडलंय आणि काय उरलंय. लोकांची करमणूक बहुतेक वेळा टंचाईतून, बंदीतून आणि कुणाच्या तरी गोदामात उरलेल्या सामानातून घडते. जिंकणाऱ्याची आवडनिवड त्यात फार उशिरा आणि फार थोडी उतरते.

गॉडझिला घ्या. सगळे म्हणतात, अणुबाँब पडला म्हणून तो राक्षस जन्मला. ढोबळमानाने बरोबर. पण जवळून बघा. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. स्फोट सहा मेगाटनांच्या आसपास होईल असा हिशेब होता, झाला पंधराचा. इंधनातला लिथियमचा जो प्रकार निरुपद्रवी धरला होता, तोही पेटला. धोक्याच्या जाहीर केलेल्या हद्दीबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. त्याच सुमारास तोहो कंपनीचे निर्माते तोमोयुकी तानाका यांचा इंडोनेशियात चित्रित व्हायचा एक सिनेमा व्हिसा न मिळाल्याने बारगळला होता आणि त्यांना ती जागा भरायला काहीतरी हवं होतं. ३ नोव्हेंबरला गॉडझिला पडद्यावर आला. एका रसायनाचा चुकलेला हिशेब आणि परराष्ट्र खात्यात अडकलेला व्हिसा. तुमच्या जगात हिरोशिमा नाही, म्हणून गॉडझिला नाही, हे कुणीही लिहील. पण जकार्तात व्हिसा मिळाला आणि तानाकांनी आपला ठरलेला सिनेमा काढला, एवढ्यानेही तो नाहीसा होतो.

बीटल्सचंही तसंच आहे. ब्रिटनमध्ये युद्धानंतरही तरुणांना सक्तीने लष्करात जावं लागायचं. १९५७ साली सरकारने ठरवलं की आता अण्वस्त्रांच्या भरवशावर फौज लहान करायची आणि सक्तीची भरती १९६० ला थांबवायची. १ ऑक्टोबर १९३९ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं त्यातून सुटली. रिंगो स्टारचा जन्म जुलै १९४० चा, जॉन लेननचा ९ ऑक्टोबर १९४० चा. तो निर्णय दोन-तीन वर्षं लांबला असता, तर हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवण्याऐवजी ही मुलं कुठल्या तरी छावणीत बूट चमकवत बसली असती. तुमच्या जगात १९४५ चा बाँब नाही. मग ब्रिटनला मोठी फौज सांभाळावी लागेल की नाही, हे आधी ठरवा आणि मग लिव्हरपूलकडे वळा.

आता तुमच्या मूळ धाग्याकडे येतो. १९४३ चा उन्हाळा ही तारीख तुम्ही कदाचित सहज घेतली असेल, पण आपल्या दृष्टीने ती भलतीच नेमकी पडलीय.

आपल्या जगात ऑगस्ट १९४३ मध्ये दोस्तांनी आग्नेय आशियासाठी वेगळी सेनाआघाडी स्थापन करायचं ठरवलं. माउंटबॅटन तिचे प्रमुख झाले आणि १९४४ मध्ये मुख्यालय सिलोनला, कँडीत आलं. या फौजेच्या करमणुकीसाठी आणि बातम्यांसाठी सिलोनमध्ये शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपण उभं राहिलं. युद्ध संपलं, फौज घरी गेली, यंत्रं राहिली. एका छोट्या बेटाकडे अख्ख्या उपखंडाला पुरेल एवढा आवाज आला आणि त्या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्नही आला.

उत्तर दिल्लीने दिलं. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते हे त्यांचं ठाम मत. गाण्यांचं प्रमाण कमी करायचं ठरलं, शिवाय सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकट जाहिरात, म्हणून फक्त गायकाचं नाव सांगायचं ठरलं. निर्माते चिडले, त्यांनी परवानगी काढून घेतली आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी बघता बघता नाहीशी झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. एका टूथपेस्टचे पैसे, अमीन सयानींचा आवाज, मुंबईत ध्वनिमुद्रण आणि तिथून विमानाने कोलंबो. दर बुधवारी रात्री आठला रस्ते ओस.

यातली प्रत्येक कडी तुमच्या जगात तपासून बघा. युद्ध उन्हाळ्यातच संपलं, तेव्हा ती सेनाआघाडी नाही, कँडीचं मुख्यालय नाही, उरलेलं प्रक्षेपण नाही. कोलंबोचं स्वतःचं केंद्र १९२५ पासून होतं, पण त्याचा जीव लहान. दुसरी कडी आणखी लांबून तुटते. ध्वनिफितीचं तंत्र जर्मनांकडे होतं. १९४५ ला जर्मनी ताब्यात आल्यावर जॅक म्युलिन नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने तिथली दोन यंत्रं सुटी करून घरी पाठवली, १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं प्रात्यक्षिक दाखवलं, आणि १९४७ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीने आपला रेडिओ कार्यक्रम फितीवर घ्यायला सुरुवात केली. तिथून ते तंत्र जगभर गेलं. तुमच्याकडे तह झालाय, जर्मनी शाबूत आहे, पेटंटं शाबूत आहेत. फीत महाग आणि दुर्मीळ राहणार. मग मुंबईत बोलायचं आणि कोलंबोहून ऐकवायचं, हा सगळा बेत बोंबलला.

केसकर मंत्री होतात की नाही, हे तुमच्या हातात आहे. पण तो विचार त्यांच्या एकट्याचा नव्हता. सिनेमासंगीताला नाक मुरडणारा मोठा सुशिक्षित वर्ग तेव्हा होता, त्यामुळे खुर्चीत दुसरं कुणी बसलं तरी गाण्यांवर कात्री चालेल असं मी धरून चालेन. त्यांना खलनायक मात्र करू नका. त्यांच्याच कारकिर्दीत शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, सुगम संगीताला रेडिओवर हक्काची जागा मिळाली, आणि १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्राने गीतरामायण ऐकवलं. ज्या कात्रीने सिलोन मोठं केलं, तिनेच ही जागाही मोकळी केली, असं माझं वाचन आहे.

तर आता १९५३ साल धरा. लोकांना गाणी हवीत, आकाशवाणी देत नाही, कंपन्यांना जाहिरात करायचीय, सिलोन मुकं आहे. हे पाणी कुठून तरी वाट काढणारच. भारताला लागून, पण दिल्लीच्या कायद्याबाहेर, रेडिओ केंद्र असलेली जागा कुठली? गोवा. तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होतं आणि पणजीत त्यांचं केंद्र होतं. टूथपेस्टवाले तिकडे जातील. फीत नाही, त्यामुळे तबकड्या बोटीने जातील आणि निवेदकाला पणजीतच बिऱ्हाड करावं लागेल, दर बुधवारी माइकसमोर बसून थेट बोलावं लागेल. मग "बहनों और भाइयों" या हाकेला कोकणी हेल येईल आणि १९५८ च्या हिंदी सिनेमातले विनोदी नट त्या हेलाची नक्कल करतील. ही नक्कल तुमच्या कादंबरीत दोन ओळींत उरकेल, पण वाचकाला ते जग खरं वाटायला लागेल.

याच्या पुढची पायरी मला सगळ्यात जास्त आवडते. सिलोन मित्रदेश होता, तिथली गाणी ऐकण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. गोव्याचं तसं नाही. १९५४-५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली. त्या आठवड्यात बुधवारी रेडिओ लावायचा की नाही? सिनेमाचं गाणं ऐकणं हा आता राजकीय प्रश्न झाला. एकाच घरात भाऊ सत्याग्रहाला गेलेला आणि बहीण आवाज बारीक करून, सेटला कान लावून बसलेली. दिल्लीचीही पंचाईत: आपल्या जगात सिलोनला उत्तर म्हणून विविध भारती यायला ऑक्टोबर १९५७ उजाडला. शत्रूच्या तिजोरीत आपल्या टूथपेस्टचे पैसे पडतायत म्हटल्यावर ती दोन वर्षं आधीच आली असती. देशभक्ती म्हणून सिनेमाची गाणी लावणारं सरकार! ज्यांनी गाण्यांवर कात्री चालवली, त्यांच्याच हातून हे व्हावं यातली गंमत सोडू नका.

मुंबईत तेव्हाच्या सिनेमा ऑर्केस्ट्रांमध्ये गोव्याचे वादक ठिकठिकाणी होते. अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली ठळक नावं. बरीचशी मंडळी धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावाच्या सामाईक खोल्यांमध्ये राहायची. पणजीला पैसा आहे, काम आहे आणि मुंबईत आपल्याकडे संशयाने बघतात, असं झालं तर यातले किती परत जातील? दहा-बारा जण गेले तरी पुरे. मुंबईच्या गाण्यांतला ट्रम्पेट पातळ होतो आणि बासरी-सितारीचं वजन वाढतं. सारा इतिहास वळवून हाती लागला तो गाण्याच्या मधल्या तुकड्यातला एवढासा फरक. मला असलेच फरक हवे असतात.

आता तारखेचा एक मुद्दा. आपल्याकडे भारतीय फौजा १८ डिसेंबर १९६१ ला गोव्यात शिरल्या, त्या दिवशी हवाई दलाने बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर हल्ला केला आणि १९ तारखेला, मंगळवारी, गोवा मुक्त झाला. काटेकोरपणे बघितलं तर तुमच्या जगात ही तारीख हलायला हवी. मी ती ठेवेन. एका पुस्तकात एक सूट घ्यायला हरकत नाही, वाचकाला पाय टेकायला ओळखीची जागा लागते. शिवाय दुसरा दिवस बुधवार आहे, आणि डिसेंबरातला बुधवार म्हणजे वर्षाच्या गाण्यांची शेवटची यादी. मी तो प्रसंग असा काही लिहीन:

"चाळीत दुपारपासून पेढे फिरत होते. जोशीमास्तरांनी गॅलरीत तिरंगा लावला होता आणि खाली पोरं फटाके उडवत होती. आठ वाजले. सवयीने बाबल्याने काटा पणजीवर आणला. खरखर. काटा एक केस पुढे, एक केस मागे. खरखर. 'अरे, आता कुठलं लागतंय,' मास्तर हसून म्हणाले, 'ते केंद्रच उडवलं आपण.' पेढा हातात धरून बाबल्या तसाच बसून राहिला. गेल्या बुधवारी दोन नंबरपर्यंत आलं होतं."

त्या वर्षीचं एक नंबरचं गाणं कधीच जाहीर झालं नाही. पुढची तीस वर्षं दोन तट वाद घालत राहतील. एक म्हणेल आमचं होतं, दुसरा म्हणेल आमचं. संगीतकारांची भांडणं होतील, कुणीतरी "मी ती यादी डोळ्यांनी पाहिली होती" असं सांगत मुलाखती देत फिरेल. तहाचा कागद १९४३ चा आणि भांडण १९९१ च्या कट्ट्यावर. तुम्ही विचारलेलं झिरपणं ते हेच.

सिनेमाबद्दल थोडक्यात. १९४२ मध्ये युद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई झाली आणि सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली, म्हणजे साधारण दोन तास. पुढच्या वर्षी फिल्मसाठी परवाने आले. तुमच्याकडे हे वर्षभरातच सुटतं, तेव्हा लांबलचक सिनेमे परत येतील. युद्धात साठलेला काळा पैसा सिनेमात ओतला गेला, नटांना एकेका सिनेमामागे मोठ्या रकमा मिळायला लागल्या आणि पगारी नोकरांवर चालणारे स्टुडिओ खचले. युद्ध छोटं तर हा पैसाही कमी. पण म्हणून प्रभात वाचली, असं घाईने लिहू नका. शांतारामबापू १९४२ मध्येच बाहेर पडले होते, म्हणजे तुमचा फाटा फुटण्याआधी. वाचवायचीच असेल तर लक्षात ठेवा, १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट आली ती प्रभातच्याच रिकाम्या जागेत. जागा रिकामी झाली नाही, तर तिथून शिकून बाहेर पडलेली नटांची, दिग्दर्शकांची फळी तुम्हाला दुसरीकडे कुठेतरी घडवावी लागेल, किंवा तिच्याशिवायची सत्तरी लिहावी लागेल.

नूरजहाँ १९४७ ला पाकिस्तानात गेल्या नसत्या तर लताबाईंचं काय झालं असतं, हा वाद कादंबरीत आणायचा मोह होईल. टाळा. तो इतका चघळला गेलाय की वाचक तुमच्या आधी उत्तर देऊन मोकळा होतो. माणसांबाबत माझा एकच नियम आहे: फाटा फुटल्यावर वर्षभराने जन्मलेल्या कुणालाही ओळखीच्या रूपात आणायचं नाही. तुमच्यासाठी ही रेघ १९४४ ची. लताबाई आणि किशोरकुमार १९२९ चे, तुमच्या जगात ते आहेतच. अमिताभ बच्चन ऑक्टोबर १९४२ चे, तेही जेमतेम बसतात. शाहरुख खान १९६५ चा, तो नाही. त्याच्या आईवडिलांची भेटच झाली असेल याची हमी कोण देणार?

आणि एक झुमरीतलैया. बिहारातलं, आताच्या झारखंडातलं, अभ्रकाच्या खाणींचं हे गाव सिलोनला आणि पुढे विविध भारतीला फर्माइशींची इतकी पत्रं धाडायचं की त्याचं नाव देशभर झालं, आणि असं गाव खरंच आहे का, असं लोक विचारू लागले. तुमच्या जगात पत्रं जातील पणजीला. पोर्तुगीज हद्दीत जाणारं टपाल, मध्ये आर्थिक कोंडी, पोस्टात उघडून बघणारा कुणीतरी साहेब. पान-ठेल्यावरचा पोरगा आपलं नाव घालून असं कार्ड टाकायला दोनदा विचार करेल. तेव्हा ते नाव कुणाच्या तोंडी विनोदाला येऊ देऊ नका. आणायचंच असेल तर मुंबई बंदरावर, रेडिओच्या सुट्या भागांच्या कारखान्याकडे निघालेल्या अभ्रकाच्या पेटीवर, ठशाने मारलेलं आणि कुणीच न वाचलेलं असं असू द्या.